शर्यतीआधीचा शेवटचा लांब पल्ला: कात्रज ते सिंहगड, आणि वर एक सिंहगड

डिसेंबरातल्या सिंहगड-राजगड-तोरणा शर्यतीला नाव दिलं की नोव्हेंबर उजाडेपर्यंत एकच प्रश्न डोक्यात घोळत राहतो: शेवटचा लांब पल्ला किती पळायचा? आमच्या धायरीच्या ग्रुपमध्ये दर वर्षी यावर चर्चा होते आणि सगळी उत्तरं किलोमीटरमध्ये येतात. कोणी म्हणतं पस्तीस पळा, कोणी चाळीस, कोणी पानशेत रस्त्याला जाऊन या म्हणतं. मला हे पटत नाही. ५३ किलोमीटरची ही शर्यत तीन गडांवरून जाते आणि तिथे पाय मोडतात ते अंतरापेक्षा उतारांनी. म्हणून शेवटचा पल्ला ठरवताना चढ मोजा, उतार मोजा आणि पायांवर काढलेले तास मोजा. किलोमीटर जेवढे होतील तेवढे होऊ देत.

मी शाळेत गणित शिकवते, त्यामुळे आधी हिशेब मांडते. डोंगरात पळणारे एक साधा नियम वापरतात: दर १०० मीटर चढाला सपाटीवरचा एक किलोमीटर धरायचा. म्हणजे १५ किलोमीटर अंतर आणि ९०० मीटर चढ असलेली वाट अंगाला २४ किलोमीटरची पडते. वेळेचा अंदाज काढायला याहून जुना नियम आहे. स्कॉटलंडच्या विल्यम नेस्मिथने १८९२ साली तो डोंगर चालणाऱ्यांसाठी मांडला. आपल्या मापात सांगायचं तर तासाला पाच किलोमीटर, आणि वर दर ६०० मीटर चढाला एक तास जादा. हा नियम चालणाऱ्यांचा असला तरी सह्याद्रीत मधल्या फळीतल्या पळणाऱ्यांनाही तो चांगला लागू पडतो, कारण अंधारात, घसाऱ्यावर आणि कंबरभर गवतात आपण तासाला दहाने पळणार नसतोच. तुमच्या शर्यतीच्या माहितीपत्रकात एकूण चढ दिलेला असतो. तो घ्या, शंभराने भागा, अंतरात मिळवा. जो आकडा येईल त्याच्या साधारण साठ टक्के शेवटच्या पल्ल्यात बसवा. त्याहून जास्त केलंत तर शर्यतीसाठी लागणारी ताकद सरावातच खर्च होते.

साताऱ्याची हिल मॅरेथॉन चांगल्या वेळेत पळालेले कितीतरी जण हा हिशेब सोडून देतात. यवतेश्वरचा घाट दमवतो, पण तो डांबरी आहे. तिथे पाऊल कुठे टाकायचं याचा विचार करावा लागत नाही. पायवाटेवर प्रत्येक पावलाला तो करावा लागतो, आणि सहा तास असा विचार करून डोकं जे थकतं त्याचीही सवय याच पल्ल्यात करायची असते.

कधी

शर्यतीच्या बरोबर तीन आठवडे आधी. चार आठवडे चालतील, दोन चालणार नाहीत.

कारण असं. उतारावर मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच जोर लावतो, शरीराला धरून ठेवतो. या कामात स्नायूच्या तंतूंना बारीक इजा होते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना जे जाणवतं ते हेच. दुखणं चार-पाच दिवसांत जातं, पण स्नायूची पूर्ण ताकद परत यायला त्याहून जास्त दिवस लागतात. चांगली गोष्ट अशी की एकदा असा मार खाल्लेला स्नायू पुढचे काही आठवडे तशाच उताराला बराच कमी दुखतो. आपल्याला हवं आहे ते हे. तीन आठवड्यांत इजा भरून येते आणि संरक्षण मात्र अजून टिकून असतं. दोन आठवड्यांवर पल्ला केला तर शर्यतीच्या दिवशी पाय अजून कच्चे असण्याची शक्यता राहते. सहा आठवड्यांपूर्वीच केला तर त्या संरक्षणाचा बराचसा भाग ओसरलेला असतो.

वार शनिवार धरा. रविवारी सिंहगडाच्या पायवाटेवर सकाळी सातनंतर इतकी माणसं असतात की उताराचा सराव होत नाही, आणि लहान मुलं घेऊन चढणाऱ्यांच्या अंगावर वरून धावत येणं बरोबरही नाही.

वाट

पुण्याच्या आसपास या शर्यतीसाठी कात्रज-सिंहगडइतकी योग्य वाट दुसरी नाही. जुन्या कात्रज बोगद्याच्या वर वाघजाईचं देऊळ आहे, तिथून सुरुवात. मग एकामागून एक टेकड्या. कोणी तेरा मोजतं, कोणी सोळा. कुठल्या उंचवट्याला टेकडी म्हणायचं यावर ते अवलंबून आहे. मोजत बसू नका. धार पश्चिमेकडे जाते आणि शेवटी सिंहगडाच्या डांबरी घाटावर उतरते. साधारण १५ किलोमीटर. चालणारे सहा-सात तास घेतात. आपण चढ चालत आणि उतार-सपाटी पळत गेलो तर साडेतीन ते साडेचार तास.

तिथून डांबरी रस्त्याने गडावर. पुणे दरवाजातून आतकरवाडीच्या पायवाटेने खाली. खालून वळून पुन्हा वर, आणि पुन्हा खाली. आतकरवाडीची वाट अडीच किलोमीटरच्या आसपास आहे आणि तेवढ्यात साडेपाचशे-सहाशे मीटर उंची मिळते. सगळं मिळून पंचवीस ते तीस किलोमीटर, अठराशे मीटरच्या आसपास चढ, आणि सहा ते आठ तास. आतकरवाडीच्या पायथ्यावरून स्वारगेटला जाणारी ५० नंबरची बस मिळते, त्यामुळे गाडी कात्रजला अडकवून ठेवायची गरज नाही.

निघायचं पहाटे साडेचारला. नोव्हेंबरच्या शेवटी पुण्यात सूर्य पावणेसातच्या सुमारास उगवतो, म्हणजे दोन तास बॅटरीच्या उजेडात जातील. हे मुद्दाम करायचं. अंधारात बॅटरीचा झोत सपाट पडतो, दगडांची सावली दिसत नाही आणि खळगा कळत नाही. डोक्यावरच्या बॅटरीबरोबर कमरेला किंवा हातात दुसरी धरली की बाजूने उजेड पडतो आणि जमिनीचे उंच-सखल भाग दिसू लागतात. हा फरक घरी बसून पटत नाही, तिथे पहिल्या टेकडीवरच पटतो.

दिशेची काळजी फार नको. समोर सिंहगडावरच्या टॉवरचा लाल दिवा दिसत राहतो, उजव्या हाताला पुण्याचे दिवे. तरी वाटेची जीपीएक्स फाइल (फोनच्या नकाशावर वाट दाखवणारी) फोनमध्ये उतरवून घ्याच, कारण पावसाळ्यानंतर गवत उभं असतं आणि खिंडीत गुरांच्या वाटा फुटतात. गुराच्या वाटेला लागलात तर ती सरळ खाली वाडीवर नेते आणि गेलेली उंची पुन्हा चढावी लागते. एक खूण सांगते: शंका आली की धारेवर राहा. कात्रज-सिंहगडची वाट टेकडीला फार वेळ बगल देत नाही, ती माथ्यावरूनच जाते. दहा मिनिटं तुम्ही एकाच बाजूच्या उतारावरून आडवे चालला असाल तर थांबून फोन बघा.

एकट्याने जाऊ नका. या रानात बिबट्या आहे, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे पाय मुरगळला तर मधल्या टेकड्यांवरून खाली यायला सोपी वाट नाही. तिघं असावेत. एकाला लागलं तर एक त्याच्याजवळ थांबतो आणि एक खाली जातो. घरी सांगून ठेवा की साडेनऊपर्यंत डांबरी रस्त्यावरून फोन येईल, आणि नाही आला तर किती वाजता कोणाला कळवायचं. धारेवर रेंज येते-जाते, तिच्यावर विसंबू नका.

पौर्णिमेच्या आसपासचा शनिवार असेल तर रात्री चालणारे मोठे गट भेटतात. अशा वेळी अर्धा तास उशिरा निघालेलं बरं.

पिशवीत काय

या वाटेवर पाणी नाही. हे वाक्य पुन्हा वाचा. बोगद्यापासून डांबरी रस्त्यापर्यंत भरवशाचं पाणी कुठेही मिळत नाही, त्यामुळे दोन ते अडीच लिटर पाठीवर घेऊनच निघायचं. शर्यतीत पाणी-खाण्याची ठिकाणं असतात, तिथे एवढं ओझं लागणार नाही. पण भरलेली पिशवी घेऊन पळताना कुठे पट्टा घासतो, कुठे पाणी डुचमळतं, हे कळण्यासाठी हा दिवस चांगला आहे.

बाकी सामान: दोन बॅटऱ्या आणि जादा सेल, शिट्टी, क्रेप बँडेज, पातळ जाकीट, चिकटपट्टी, रोख दोनशे रुपये, ओळखपत्र. शर्यतीने सक्तीच्या वस्तूंची यादी दिली असेल तर ती जशीच्या तशी भरा, वजनासकट. शर्यतीच्या दिवशी जे घालणार तेच कपडे, तेच मोजे, तेच बूट. बूट अर्धा नंबर मोठे हवेत, कारण तासातासाला पाय सुजत जातात आणि उतारावर अंगठा पुढे आदळतो. नखं तीन दिवस आधी कापा, आदल्या रात्री नको.

कुसळांबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण बाहेरच्या कुठल्याही मार्गदर्शनात ही सापडणार नाहीत. नोव्हेंबरात या धारेवरचं गवत वाळतं आणि त्याची कुसळं सुटतात. एक टोक सुईसारखं, मागे पीळ असलेली शेपटी. मोज्यात घुसली की ओलाव्याने पीळ फिरतो आणि कुसळ आत आत सरकत जातं. लोकरीच्या किंवा जाड विणीच्या मोज्यांत ती शेकड्यांनी बसतात. म्हणून गुळगुळीत, घट्ट विणीचे मोजे घाला आणि बुटावर कापडी गेटर, म्हणजे घोटा आणि बुटाचं तोंड झाकणारी पट्टी, चढवा. गेटर नसतील तर जुन्या पातळ मोज्याचा पंजा कापून उरलेली नळी घोट्यापासून बुटाच्या तोंडावर ओढून घ्या. काम तेच होतं. घरी आल्यावर पाय आणि कंबर नीट तपासा. गुरं चरतात तिथल्या गवतात गोचीड असतात.

अंगाला वासाचं काही लावू नका. गडांच्या कड्यांना आग्यामोहोळं असतात आणि अत्तर, डिओ, धूर, आरडाओरडा यांनी माश्या उठतात.

खाणं आणि पाणी

शर्यत सोडून देणाऱ्यांपैकी बरेच जण पायांमुळे नाही, पोटामुळे सोडतात. चौथ्या-पाचव्या तासाला मळमळतं, खाणं नको होतं, आणि तिथून ताकद संपत जाते. पोटालाही पायांसारखा सराव लागतो. पळताना खाल्लेलं पचवण्याची क्षमता खाऊन खाऊनच वाढते.

आकडा लक्षात ठेवा: तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं. एक मध्यम केळं म्हणजे २५ ग्रॅमच्या आसपास. साधे चार-पाच खजूर तेवढेच. मीठ लावलेला एक उकडलेला बटाटा वीसेक ग्रॅम. जेल (पुडीत मिळणारा साखरेचा घट्ट पाक) घेणार असाल तर पुडीवर आकडा लिहिलेला असतोच. मी पहिल्या दोन तासांत शेंगदाण्याची चिक्की आणि गूळपोळीचे तुकडे खाते, कारण तेव्हा पोट शांत असतं. शेंगदाण्यात तेल जास्त, ते पचायला वेळ घेतं, म्हणून ऊन चढल्यावर तो बंद. मग राजगिऱ्याची चिक्की, खजूर, केळं. घड्याळात दर चाळीस मिनिटांचा गजर लावा आणि भूक असो-नसो, खा. भूक लागेपर्यंत थांबलात तर उशीर झालेला असतो. चढ चालत असताना खा. उतारावर घास तोंडात असताना लक्ष पायावर राहत नाही.

ओआरएसबद्दल एक गैरसमज फार आहे. एका लिटरच्या पुडीत ग्लुकोज १३.५ ग्रॅम असतं. म्हणजे लिटरभर ओआरएस पिऊन अर्ध्या केळ्याएवढीच ऊर्जा मिळते. ते क्षारांसाठी प्यायचं, जेवण म्हणून नाही. आणि पुडी लिटरभर पाण्यातच घालायची. अर्ध्या लिटरमध्ये घट्ट करून प्यायलात तर तहान वाढते आणि पोट बिघडतं.

पाणी किती हे तुमचा घाम सांगेल. निघण्याआधी लघवीला जाऊन आल्यावर घरच्या काट्यावर वजन करा, आल्यावर अंग पुसून पुन्हा करा. एक किलो कमी भरलं म्हणजे प्यायलेल्यापेक्षा अंदाजे एक लिटर पाणी जास्त गेलं. एक-दीड किलो कमी होणं ठीक आहे. वजन वाढलं असेल तर तुम्ही गरजेपेक्षा जास्त पाणी प्यायलात, आणि हे धोक्याचं आहे. नुसतं साधं पाणी भरमसाट प्यायल्याने रक्तातलं सोडियम उतरतं. डोकं दुखतं, उलट्या होतात, माणूस गोंधळतो. लोक त्याला पाणी कमी पडलं समजून आणखी पाणी पाजतात. तहानेप्रमाणे प्या, आणि खाण्यात मीठ असू द्या.

दुखलं म्हणून वाटेत आयब्युप्रोफेनसारखी गोळी घेऊ नका. घाम जाऊन रक्तपुरवठा आधीच कमी झालेल्या मूत्रपिंडांवर ती भार टाकते. शर्यतीच्या दिवशीही हाच नियम.

आदल्या रात्री वरण-भात, तूप, थोडी साधी भाजी. उसळ आणि तिखट रस्सा नको. पहाटे तीनला उठून चहा आणि दोन पोळ्या गुळांब्याबरोबर, किंवा केळं. काहीही खायचं ठरवा, पण शर्यतीच्या पहाटे तेच खाता येईल असं ठरवा.

चढ

चढाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. चाला. हात मांडीवर, कंबरेतून थोडं पुढे, पावलं लहान, आणि वेग असा की शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता यावं. पहिल्या दोन टेकड्यांवर ताजेपणा अंगात असतो तेव्हा पळावंसं वाटतं. तिथेच स्वतःला धरून ठेवा. काठ्या वापरणार असाल तर त्या या दिवशी वापराच आणि पळता पळता उघडण्या-मिटण्याचा सरावही करा.

उतार

कात्रज-सिंहगडच्या बहुतेक टेकड्यांचा पश्चिमेकडचा उतार मुरमाचा आहे. खाली घट्ट जमीन आणि वर बारीक खडीचा थर. या घसाऱ्यावर माणूस भीतीने मागे झुकतो, टाच रोवतो आणि बरोबर तेव्हाच घसरतो. मागे झुकलं की वजन टाचेवर जातं, टाच खडीवर सरकते आणि माणूस खाली बसतो.

गेल्या हिवाळ्यात मी माझ्या भाच्याला घेऊन गेले होते. तो रस्त्यावर माझ्यापेक्षा कितीतरी वेगात पळतो. एका अशाच उताराच्या तोंडाशी तो थांबला, खाली बघितलं आणि म्हणाला, "मावशी, बसून उतरू का?"

"बसायचं नाही. गुडघे सैल सोड आणि नाक पायाच्या अंगठ्याच्या वर आण."

"पडेन की."

"पावलं लहान टाक. एका पावलाच्या जागी तीन. पाऊल टेकलं की लगेच उचल, त्याच्यावर उभा राहू नकोस."

त्याने चार पावलं तशी टाकली, मग सवयीने मागे झुकला आणि लगेच घसरला. उठला, पुन्हा केलं. तिसऱ्या टेकडीपर्यंत तो बोलायचा थांबला आणि त्याच्या पायांचा आवाज बदलला. आधी खर्रर्र असा ओढल्याचा येत होता, आता टप-टप-टप. हा आवाज ऐकायला शिका. खर्रर्र येत असेल तर तुम्ही ब्रेक लावत उतरताय आणि त्याची किंमत मांड्या चुकवताहेत.

बाकी गोष्टी: नजर पायाशी नको, तीन-चार पावलं पुढे. हात कोपरातून बाहेर, तोल सांभाळायला मोकळे. फार तीव्र उतार असेल तर सरळ खाली न जाता थोडं तिरकं, आणि काही पावलांनी बाजू बदलायची. मोठा स्थिर दगड दिसला तरी त्याच्यावर उडी मारू नका, त्याच्या बाजूने जा. दव पडलेला काळा पाषाण पहाटे निसरडा असतो. कारवीच्या दांड्याला धरून उतरायचा मोह होतो, पण वाळलेली कारवी हातात येते.

उतारावर पुढच्याला गाठू नका. पाच-सहा पावलांचं अंतर ठेवा, कारण सुटलेला दगड मागच्याला नाही, पुढच्याला लागतो. दगड सुटला तर जोरात "दगड!" ओरडा, लाजू नका.

गडाचा दुसरा चढ

डांबरी रस्त्यावर पोहोचलात, गडावर गेलात, पायवाटेने आतकरवाडीला उतरलात. साडेपाच-सहा तास झालेत. समोर बस उभी आहे. इथून पुन्हा वर जायचं, आणि हाच पल्ल्याचा खरा भाग.

राजगडाच्या पायथ्याशी शर्यतीत जे वाटतं ते तुम्हाला इथे वाटेल: ऊन वर आलेलं, मांड्या जड, आणि पुढे एक अख्खा गड. अशा वेळी काय करायचं हे इथे ठरवून ठेवा. माझी पद्धत अशी: पायथ्याला दहा मिनिटं बसते, घड्याळ लावून. बूट काढून खडे झटकते, मोजे सरळ करते, चोळल्यासारखं वाटत असेल तिथे चिकटपट्टी लावते. फोड येण्याआधी लावलेली पट्टी उपयोगाची; आल्यानंतर लावलेली फक्त फोड झाकते. मग एक केळं, पाणी भरून घेणं, टोपी ओली करणं. दहा मिनिटं संपली की उठते. अकरावं मिनिट नाही.

वाटेत ताक विकायला एक आजी बसतात. मला बघितलं की विचारतात, "ताई, मीठ वाढवू का?" हो म्हणायचं. उन्हात वर चढताना ताकासारखं काही नाही, पण आधी सरावात प्यायलेलं असेल तरच शर्यतीत प्या. दुधाचे पदार्थ प्रत्येकाच्या पोटाला मानवत नाहीत.

या चढाला वेळेचं बंधन ठेवू नका. तुमच्या नेहमीच्या ताज्या पायांच्या वेळेपेक्षा चाळीस-पन्नास टक्के जास्त लागला तरी चालेल. दुप्पट लागला तर समजा की सुरुवात वेगात झाली किंवा खाणं कमी पडलं; शर्यतीचा पहिला गड त्या मानाने सावकाश घ्या. शेवटचा उतार पळायचा, जमेल तेवढा, आवाजाकडे लक्ष देऊन.

आणि थांबायचं कधी? पाऊल टेकताना एका ठरावीक जागी टोचल्यासारखं दुखायला लागलं, लंगडायला लागलात, चक्कर आली, खाल्लेलं दोनदा उलटलं, घाम यायचा थांबून थंडी वाजू लागली, यातलं काहीही झालं तर दुसरा चढ सोडून बसमध्ये बसा. दोन्ही मांड्या सारख्याच दुखत असतील तर ते अपेक्षित आहे, जा. दुसरा चढ बुडाला म्हणून तो पुढच्या शनिवारी भरून काढायचा नाही.

पुण्याबाहेरच्यांसाठी

वाट वेगळी असली तरी तत्त्व तेच: सुरुवातीला दोन-तीन तास अंधार, मध्ये लांब धार किंवा पठार, शेवटी तीव्र पायवाटेची एकच टेकडी किमान दोनदा. साताऱ्यात यवतेश्वरच्या पठाराची बाजू आणि अजिंक्यतारा जोडता येतो. कोल्हापूरकरांना जोतिबा-पन्हाळा आहे. मुंबईकरांनी राष्ट्रीय उद्यानाच्या वेळा आणि परवानगी आधी बघावी, किंवा सरळ आदल्या दिवशी पुण्याला मुक्कामाला यावं.

नंतरचे तीन आठवडे

उतरल्यावर तासाभरात नीट जेवा. पिठलं-भाकरी, दही, कांदा. भात असेल तर उत्तम. त्या दिवशी भरपूर झोपा. पुढचे दोन दिवस पळणं नाही, अर्धा तास सपाटीवर चालणं. मांड्यांना जोरात मालीश करून घेऊ नका, सूज असलेल्या स्नायूला ती सोसत नाही. पाच-सहा दिवसांनीही हाडावर बोट ठेवल्यावर एकाच जागी दुखत असेल तर डॉक्टरांना दाखवा. तो थकवा नाही.

पहिल्या आठवड्यात नेहमीच्या अंतराच्या साठ-सत्तर टक्के. शेवटच्या दोन आठवड्यांत निम्म्यावर, पण वेग मारून टाकू नका: आठवड्यातून एकदा एक-दोन मिनिटांचे जोरदार तुकडे ठेवा, म्हणजे पाय जड होत नाहीत. शर्यतीच्या दहा दिवस आधी सिंहगड एकदा सहज चढून उतरा, घड्याळ न बघता. त्यानंतर मोठा उतार नाही. या काळात वजन किलोभर वाढतं आणि अंग सुस्त वाटतं, त्याने घाबरून कोणी आणखी एक लांब पल्ला करू पाहतं. करू नका.

पल्ल्याच्या संध्याकाळीच वही काढा, दुसऱ्या दिवशी निम्मं विसरायला होतं. प्रत्येक तासाला काय खाल्लं, कधी नको वाटलं, किती लिटर प्यायलात, आधीचं-नंतरचं वजन, कुठे घासलं, कुठलं सामान पिशवीतून बाहेरच निघालं नाही, बॅटरी किती तास टिकली, आणि आतकरवाडीचा दुसरा चढ किती मिनिटांत झाला. शेजारी शर्यतीच्या पाणी-खाण्याच्या ठिकाणांची यादी ठेवा आणि दोन ठिकाणांमधलं अंतर तुमच्या आजच्या वेगाने तासांत मांडा. ज्या टप्प्याला दोन तासांहून जास्त वेळ निघेल तिथे दोन्ही बाटल्या भरून घ्यायच्या आणि खिशात तीन वेळचं खाणं ठेवायचं. हा कागद प्लास्टिकमध्ये घालून पिशवीच्या छातीच्या खिशात टाका.